बॅटरी

बेळगावात, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर,
पोरीनं माझी पिशवी उघडली
आणि आत बॅटरी मारली.
मागं रांग. रांगेनंही बघून घेतलं:
दोन चपात्या, शेंगाचटणी,
गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली.
"भायेरचं खाणं आत चालत नाही, मामा."
तिचं बरोबर. पाटी आहे तीन भाषांत.
मी तिन्ही वाचल्या.
तिन्हींत मला भूकच लागली.

पण पोरी, बॅटरी अशी मारत नाहीत.

सव्वीस वर्षं मारली मी, खानापुरात,
पत्र्याच्या टॉकीजात, रोज दोन खेळ.
पहिल्या दिवशी कल्लाप्पा म्हाताऱ्यानं शिकवलं ते एवढंच:
उजेड पायांवर. गुडघ्याच्या वर न्यायचा नाही.
मला वाटलं, बायकांसाठी सांगतोय.
"त्यांच्यासाठी आहेच की. पण सातेरी,
मांडीवर डबा असतोय.
कुणाच्या डब्यात काय,
ते अंधाराला कळलं तेवढं बास."

वास मात्र कुणाच्या बापाला ऐकत नव्हता.
सुकट उघडली की तिसऱ्या रांगेत कोकण यायचं,
आणि कुणीतरी "आई गं" म्हणायचं,
रागानं की भुकेनं, कळायचं नाही.
कौलाच्या कारखान्यातली माणसं
कडक भाकरी घेऊन यायची,
आणि हाणामारी सुरू होईपर्यंत
ती मोडायची नाहीत.
तिकडं पडद्यावर ठोसा, इकडं कडाक्.
हिरॉईन रडताना कुणी भाकरी मोडलीच
तर अख्खं थेटर त्याच्याकडं वळून बघायचं.
निम्मे पिक्चर कन्नड.
नंदगडच्या बायकांना पडद्यावरचं निम्मं कळायचं,
उरलेलं शेजारची सांगायची, शेंगांच्या बदल्यात.
सांगणारीनं घाई करायची नाही,
ऐकणारीनं मूठ आखडायची नाही.
आणि झाकणातून काही आलं
तर झाकण रिकामं परत जायचं नाही,
निदान गुळाचा खडा तरी.
कुणाचं झाकण, हे कुणी विचारत नव्हतं.
दिवे लागल्यावर विचारत असतील. मी दिव्यांचा नव्हतो.

मग गुरुशिद्दाप्पानं कँटीनचा ठेका घेतला.
सामोसे, सोडा, काचेच्या बरणीत खारी.
मालकानं मला बोलावून सांगितलं:
डबे पकड.
आज पायांवर नको, मांडीवर मार.

पहिल्या खेळाला मला जमलं नाही.
दुसऱ्या खेळाला, इंटरवलनंतर,
खांबाआडच्या शेवटच्या खुर्चीवर
कुणीतरी वाकून, घाईघाईनं खात होतं.
नोकरी आठवली. मारली बॅटरी.

ज्वारीची भाकरी. भरली वांगी. कांदा फोडलेला.
आणि वर, उजेडात मिचमिचणारे
गुरुशिद्दाप्पाचे डोळे.

सव्वाशे सामोसे बाहेर परातीत गार होत होते
आणि हा बायकोच्या हातचं खात होता,
चोरून, स्वतःच्याच कँटीनपासून.
काही बोलला नाही. अर्धी भाकरी मोडली,
एक वांगं ठेवलं तिच्यावर,
"बारप्पा," म्हणाला, "ऊटा माडु."

मी बॅटरी विझवली. बसलो.
पिक्चर कुठला होता ते विचारू नका.
वांग्यात कारळं होते.
त्यानंतर मी कुणाचा डबा पकडला नाही
आणि त्यानं मालकाला सांगितलं नाही.
ठेका दीड वर्षात बुडाला, त्याची कारणं वेगळी.

"मामा, चिठ्ठी घ्या. चौदा नंबर."
पोरीनं डबा मागच्या फळीवर ठेवला.
आत मला कुणीतरी पॉपकॉर्न घेऊन दिलं,
कागदाच्या एवढ्या मोठ्या बादलीत.
खाल्लं. आवाज होतो त्याचा,
पण हाणामारीची वाट कुणी बघत नव्हतं.

सुटल्यावर चिठ्ठी दिली.
फळीवर तेरा-चौदा डबे खेटून बसले होते,
गावाकडच्या बाकड्यावर बसावे तसे,
आणि टोकाला एक, बिनचिठ्ठीचा,
झाकणाला रबर लावलेला.
"हा कुणाचा?"
पोरीनं खाली बघितलं. "माझा. सात वाजता सुटी होते."
साडेपाच वाजले होते.

मी माझा डबा उघडला, तिथंच, फळीच्या आडोशाला.
चटणी झाकणात काढली, तिच्याकडं सरकवली.
तिनं इकडंतिकडं बघितलं.
मग हातातली बॅटरी
पालथी घातली.